भट्टीतून वाचलेला पूल

आमच्या धुलाईच्या व्यवसायात डाग हा शब्द कोणी तुच्छतेने उच्चारत नाही. ज्याच्या कृपेने घरात दोन्ही वेळा अन्न शिजते, त्याला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा ठरेल. दुकानात मी इस्त्री करतो, माझा मेहुणा धुतो आणि डाग काढण्याचे नाजूक कार्य अनेक वर्षे माझ्या पत्नीच्या हाती होते. गल्लीतील लहानथोर सर्वजण तिला डागकाकू म्हणत. गिऱ्हाइकाने कपडा काउंटरवर ठेवला, की ती तो खिडकीशी नेई, उजेडात धरी, बोटांनी चाचपी, एकदा हुंगे आणि शांतपणे विचारी, “कोणाच्या बागेत शिरला होतात?” गिऱ्हाईक ओशाळून हसे. तिने कपडा ठेवून घेतला म्हणजे डाग गेलाच असे समजावे, अशी आमच्या दुकानाची ख्याती होती.

परंतु साबण, सोडा आणि डाग काढण्याची तीव्र औषधे यांनी, लोकांचे कपडे उजळता उजळता, तिच्या हातांची त्वचा पोखरून काढली. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. चिमूटभर मीठ उचलतानाही तिच्या डोळ्यांत पाणी येऊ लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी तिचे दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, “हात हवे आहेत की दुकान, ते ठरवा. हात हवे असतील तर यापुढे या औषधांना स्पर्शसुद्धा नको.” घरी आल्यावर तिने आपला एप्रन खुंटीला अडकवला आणि सुती हातमोजे घालून ती काउंटरवर कपड्यांना चिठ्ठ्या लावीत बसू लागली. तिचे काम माझ्या त्या मेहुण्याकडे, म्हणजे तिच्या धाकट्या भावाकडे गेले. त्याला सर्वजण निळ्या म्हणतात, कारण शिकाऊ असताना त्याने एका हॉटेलच्या चादरींना इतकी नीळ दिली होती, की हॉटेलवाल्याने त्या नाइलाजाने पडदे म्हणून लावल्या. डाग काढण्याची विद्या त्याला ताईनेच शिकवली होती.

त्या हातमोज्यांत तिचे हात परक्या घरी आलेल्या पाहुण्यांसारखे अवघडून बसलेले असत. मी तिला हसवण्याचा यथाशक्ती प्रयत्न करीत असे, परंतु माझा विनोद म्हणजे पाण्यात मारलेली काठी. एकदा जेवताना ती म्हणाली, “मी आता फळीवरच्या चादरींसारखी झालेय बघा. कोणी न्यायलाही येत नाही आणि टाकवतही नाही.” लोक धुवायला टाकून न्यायचे विसरतात अशा चादरींची एक फळी आमच्या दुकानात आहे, तिच्याविषयी ती बोलत होती.  मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

हातांना मोकळी हवा लागू द्या, असे डॉक्टरांनी सांगितले होते. म्हणून आम्ही दोघे सकाळी, दुकान उघडण्यापूर्वी, कालव्याच्या काठाने फिरू लागलो. त्या वाटेवर तुतीची झाडे आहेत. एके सकाळी खाली पडलेल्या तुतींचा सडा पाहून ती थबकली.

“अहो, हिला ओळखलंत?”

“तुती आहे. पाय जपून ठेव, चप्पल रंगेल.”

“तुती कसली. मास्तरांचा पांढरा सदरा, खिशाच्या खाली. किती छळलं होतं हिनं मला.”

पुढे एके ठिकाणी रस्त्यासाठी टेकडी कापली होती. तेथील तांबडी माती दिसताच ती म्हणाली, “फुटबॉलवाल्या पोरांच्या चड्ड्या.” कालव्याच्या जुन्या लोखंडी दरवाजाला गंजाची पुटे चढली होती, त्यांकडे बोट दाखवून म्हणाली, “कुलूपवाल्याचा एप्रन.” रसवाल्याच्या गाड्यामागे डाळिंबाच्या सालींचा ढीग होता. त्यापुढे मात्र ती मान लववून उभी राहिली. “हिच्यापुढे मी हात टेकले होते,” असे ती प्रामाणिकपणे म्हणाली.

“म्हणजे हे फिरणं नव्हे,” मी म्हणालो, “हे शत्रूंच्या घरी जाऊन चौकशी करणं झालं.”

“शत्रू तरी ओळख ठेवून आहेत,” ती म्हणाली, आणि खाली वाकून तिने मूठभर माती रुमालात बांधून घेतली.

त्या दिवसापासून आमच्या मागील पायरीवर वाट्या मांडल्या जाऊ लागल्या. एकीत दुधात कालवलेली तांबडी माती, दुसरीत तुतीचा रस, तिसरीत उकळलेल्या डाळिंबाच्या सालींचे पिवळे पाणी. गवत ठेचून त्याचा हिरवा अर्क काढला होता. एका बरणीत गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये पडले होते, आणि ते गंजाचे पाणी सालींच्या पाण्यात मिसळले की शाईसारखा काळा रंग होई. माती आणि साली यांना डॉक्टरांची हरकत नव्हती. मी स्वतः जाऊन विचारून आलो होतो.

फळीवरची एक चादर तिने पायरीवर पसरली. कुंचला मातीत बुडवला आणि तो कापडावर धरून ती तशीच राहिली. हात खाली येईना.

“काय झालं?” मी विचारले.

“लावायची सवय नाही हो. जन्मभर काढले. आता आपल्याच हातानं धडधडीत डाग कसा लावू?”

मी आत जाऊन इस्त्री फिरवू लागलो. काही कामे अशी असतात, की त्यांच्याकडे कोणी पाहत असले तर ती होत नाहीत. थोड्या वेळाने बाहेर डोकावलो, तेव्हा कापडावर तांबडी वाट उमटली होती आणि तिच्या नाकावरही मातीचा एक ठिपका होता. त्या ठिपक्याचे मी मनोमन आभार मानले.

जवळच्या प्रसूतिगृहाचे सर्व कपडे आमच्याकडे धुवायला येतात. तेथील मोठ्या सिस्टर एकदा हिशेबाला आल्या असता त्यांनी दोरीवर वाळत असलेली ती चादर पाहिली.

“हे कुठून आणलंत हो, काकू?”

“आणलं नाही, सिस्टर. लागलं.”

सिस्टर हसल्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे बाहेरच्या खोलीत नातेवाईक तासन्‌तास भिंतीकडे बघत बसतात, आणि भिंतीवर बघण्यासारखं काही नसतं. खोलीला नवा रंग देतोय. पुढच्या सोमवारी खोली उघडायची आहे. तोवर असंच एक मोठं करून द्याल का?”

पत्नीने होकार दिला. परंतु सिस्टर गेल्यावर ती मला म्हणाली, “एक सांगून ठेवते. हे नीट झालं तर झालं. फसलं तर मी पुन्हा कुंचल्याला हात लावणार नाही, आणि तुम्हीही मला आग्रह करायचा नाही. काउंटरवर बसून चिठ्ठ्या लावीन मुकाट्यानं.”

ती बोललेला शब्द पाळते, हे मी लग्नापासून जाणतो. तिच्या रागाची मला कधी भीती वाटली नाही. तिच्या निश्चयाची मात्र वाटते. फळीवरची सर्वांत मोठी चादर तिने या चित्रासाठी घेतली. सोमवारपर्यंत त्या चादरीवर एक चित्रच नव्हे, तर माझ्या घरातील एका माणसाचे पुढील सारे आयुष्य सुकत होते.

चित्र मोठे झाले आणि, मला कळते तितके, सुंदर झाले. कालव्याचे वळण, त्यावरील दगडी पूल, दोन्ही काठांवरील झाडे. पूल आणि झाडांची खोडे काळ्या रंगाची, काठ तांबड्या मातीचे, पाने गवताच्या अर्काची, आणि वर तुतीच्या रसाचे जांभळे आकाश. खाली पाण्यात त्याच आकाशाची फिकी छाया. गुरुवारी सकाळी ते पूर्ण वाळले. काठावर एके ठिकाणी सुरकुती होती, ती मी पातळ फडके ठेवून इस्त्रीने काढली. मग तिने चादरीची घडी करून ती वेताच्या टोपलीत ठेवली आणि आम्ही दोघे चित्र टांगण्यासाठी लाकडी दांडा आणायला सुताराकडे गेलो.

ही वेताची टोपली जुनी होती. ती नेहमी पत्नीच्या हाताशी असे, आणि वर्षानुवर्षे दुकानाचा एक अलिखित नियम होता, की त्या टोपलीत जे असेल त्याचा डाग काढायचा. इतक्या वर्षांच्या सवयीने तिने जपून ठेवायची वस्तूही त्याच टोपलीत ठेवली. आणि निळ्या, जो पायरीवर पहिली वाटी येण्यापूर्वीच आपल्या सासऱ्यांचे छप्पर दुरुस्त करायला गावाला गेला होता व ज्याला या चित्रांविषयी काहीच ठाऊक नव्हते, तो नेमका त्याच सकाळी परत आला.

दांडा तासून घेऊन आम्ही दुपारी परत आलो, तेव्हा भट्टी पेटलेली होती. निळ्या बाह्या सरसावून, घामाघूम होऊन उभा होता. भट्टी म्हणजे आमचे कपडे उकळण्याचे मोठे तांब्याचे पातेले. तिच्यात गेलेला कपडा एक तर शुद्ध होऊन निघतो, नाही तर चिंध्या होऊन.

“आलीस का ताई?” तो म्हणाला. “रागावू नकोस, पण आज मला थोडं अपयश आलं.”

“कशात रे?”

“ती टोपलीतली मोठी चादर. कोणाची आहे देव जाणे. काय माणसं असतात एकेक. चिखल काय, गवत काय, तुती काय, चादरीवर अख्खा बाजार भरवलेला. थंड पाण्यात भिजवली, खसखसून घासली, सोड्यात बुडवली आणि भट्टीला लावली. बहुतेक सगळं काढलं बघ. पण दोन-तीन डाग काही केल्या निघेनात. तू असतीस तर तेही काढले असतेस.”

माझ्या खांद्यावरचा दांडा घसरून पायावर पडला. दुखले असावे, पण ते मला नंतर कळले.

चादर दोरीवर टपकत होती. आकाश गेले होते. पाणी गेले होते. एकही पान उरले नव्हते. दोन्ही काठांची माती वाहून गेली होती. डाव्या काठाचा एक तुकडा मात्र जसाच्या तसा होता. आणि त्या पांढऱ्याशुभ्र कापडाच्या मध्यभागी, कुठेही न जोडलेला, काळा पूल आपल्या जागी उभा होता, आणि त्याच्या आजूबाजूला पानांवाचूनची खोडे.

पत्नी आमच्याकडे पाठ करून चादरीपुढे उभी राहिली. निळ्याने माझ्या कानाशी येऊन विचारले, “दाजी, कोणाची आहे चादर?”

“तुझ्या ताईची.”

“ताईची? मग ताईनं तिच्यावर तुती कशाला सांडली?”

“सांडली नव्हती. चित्र होतं ते. प्रसूतिगृहाला द्यायचं होतं. सोमवारी.”

निळ्या पालथ्या बादलीवर बसला. खळ दिलेल्या कॉलरसारखा त्याचा चेहरा ताठ झाला. “मला हाकलून द्या दाजी,” तो म्हणाला. “खरंच. मी जातो सासऱ्यांकडे. छप्परच नीट करीत बसतो.”

त्याच्यावर ओरडावे असे मला फार वाटले. परंतु ओरडण्यासाठी तोंड उघडले, तोच पत्नी न वळता म्हणाली, “निळ्या, सोडा किती घातलास?”

“नेहमीसारखा,” तो चाचरत म्हणाला.

“भट्टीला किती वेळ?”

“पूर्ण. पांढऱ्याला देतो तितका.”

“आणि ह्या पुलाला ब्रश लावलास?”

“दोनदा लावला. ताई, माझं चुकलं गं, मला माहीतच...”

“ते राहू दे. दोनदा ब्रश लावूनही हा हलला नाही?”

“हलला नाही. उलट मलाच वाकुल्या दाखवत होता.”

तिने हातमोजे काढून खांद्यावर टाकले आणि ओल्या पुलावरून बोट फिरवले. मग चादरीची कड खिडकीकडे ओढून उजेडात धरली. कित्येक महिन्यांनी मी तिला तशी उभी राहिलेली पाहत होतो, एक डोळा बारीक करून, ओठ मुडपून. ती दुःखात नव्हती. ती कामात होती. नंतर तिने डाव्या काठाच्या उरलेल्या तुकड्यावर बोट ठेवले.

“अहो, इथं तुमची इस्त्री फिरली होती का?”

“सुरकुती होती, म्हणून फिरवली,” मी म्हणालो. “फडकं ठेवून फिरवली.”

“आणि ह्या बाजूला?”

“तिथं नाही.”

ती जमिनीवर बसली आणि हसू लागली. निळ्या घाबरून माझ्याकडे पाहू लागला. मला वाटले, ताण असह्य झाला. परंतु ती डोळे पुसत म्हणाली, “दुधाच्या डागावर इस्त्री फिरवली की तो जन्माचा बसतो. ह्यावरून मी तुम्हाला किती बोलले असेन. दुधाचा डाग असेल तर इस्त्रीच्या टेबलापर्यंत येऊ देणार नाही, म्हणून. आणि आज मातीत दूध घालून, तीच गोष्ट मला सुचली नाही.”

“म्हणजे आता?” मी विचारले.

“म्हणजे आता ऐका. दवाखान्यातला कपडा आहे. एक ना एक दिवस सिस्टर तो धुवायला टाकणार, आणि तो इथंच येणार, ह्याच भट्टीत. तेव्हा आकाश गेलं असतं तर मी त्या बाईला काय तोंड दाखवलं असतं? बरं झालं, आपल्याच घरात गेलं.” मग ती भावाकडे वळली. “ऊठ. बादली मोकळी कर. जे तुझ्या हातून वाचेल तेवढंच मी भिंतीवर देणार.”

त्या गुरुवारपासून आमच्या मागील अंगणात जे घडले, ते धुलाईच्या कोणत्याही दुकानात कधी घडले नसेल. बहीण डाग लावी आणि भाऊ तो काढी. जुन्या चादरींच्या पट्ट्या फाडून तिने प्रत्येक रंग निरनिराळ्या रीतीने लावला, आणि निळ्याने प्रत्येकावर आपले सारे कौशल्य पणाला लावले.

“लाव ताई, कितीही लाव. पांढरा करून देतो.”

“बोलू नकोस, घास.”

“ही तुती गेली बघ. नमस्कार न करता गेली.”

“तुरटी घालून लावते पुन्हा.”

“हत्ती घालून लाव. ती राहायची नाही.”

तुती खरोखरच राहिली नाही, आणि ती जड मनाने बाद करण्यात आली. गवतही गेले. डाळिंबाच्या सालीचे पिवळे पाणी तुरटी दिल्यावर भट्टीतून थोडे फिकट होऊन, परंतु मान ताठ ठेवून बाहेर आले. त्यातच गंजाचे पाणी अगदी थेंबभर मिसळले, तेव्हा शेवाळासारखा हिरवट रंग निघाला. निळ्याने त्याला ब्रशने, मुठीने आणि शेवटी शिव्यांनी घासले. तो ढळला नाही. “घे, पानं तुझी,” असे म्हणून त्याने पट्टी ताईपुढे टाकली. पराभवाचा इतका आनंद झालेला मनुष्य मी अन्यत्र पाहिलेला नाही.

काठांची माती तिने पुन्हा दुधात कालवून लावली आणि ती सुकताच मला हाक मारली. मी इस्त्री तापवून उभा होतो. आयुष्यभर ज्या चुकीसाठी बोलणी खाल्ली, ती चूक तिच्या देखरेखीखाली, सावकाश, दोन्ही काठांवरून मी फिरवली. तापलेल्या मातीचा आणि दुधाचा वास सुटला. ती माझ्या कोपराशी उभी राहून “आणखी दाबून, आणखी दाबून” म्हणत होती. माझ्या कामाचे चीज एवढे कधी झाले नव्हते. त्या वासाने माझे डोळे भरून आले, असे मी दोघांना सांगितले. डोळे वासाने भरले नव्हते.

आकाशासाठी मात्र काहीच उरले नाही. शनिवारी तिने चादर पुन्हा दोरीवर टांगली आणि आम्ही तिघे मागे सरून पाहू लागलो. वर नुसते पांढरे कापड होते. काठांमध्ये पाण्याच्या जागीही तेच. निळ्या म्हणाला, “ताई, हे असंच राहू दे की. ऊन पडलंय असं वाटतं.” तिने मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवली आणि ते तसेच राहू दिले.

सोमवारी आम्ही ते चित्र प्रसूतिगृहात नेले. खोलीला नव्या रंगाचा वास येत होता. बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांची मुलगी आत होती. मांडीवर थर्मास धरून ते समोरच्या दाराकडे टक लावून पाहत होते. निळ्याने स्टुलावर चढून दांडा खिळ्यांवर बसवला. सिस्टर मान मागे टाकून वरच्या पांढऱ्या कापडाकडे पाहू लागल्या, तेव्हा पत्नीने हात पदराखाली घेतले.

“तुमच्या दोरीवर पाहिलं होतं, त्यात जांभळं होतं ना काहीतरी?” सिस्टरांनी विचारले.

“होतं. ते टिकणारं नव्हतं, सिस्टर. पहिल्या धुण्याला भिंत उघडी पडली असती. हे खुशाल भट्टीत टाका. ह्याची परीक्षा झालीय.”

“कोणी घेतली परीक्षा?”

“माझ्या भावानं. फार वाईट परीक्षक आहे, कोणाला सोडत नाही.”

बाकावरच्या गृहस्थांनी आता दारावरची दृष्टी काढून भिंतीवर लावली होती. ते निळ्याला म्हणाले, “छान आहे हो पूल. ह्यावरून मी कधीतरी गेलोय असं वाटतं. चित्र कोणी काढलं?”

“ताईनं काढलं,” निळ्या स्टुलावरून उतरत म्हणाला. “आकाश तेवढं मी काढलं.”

गृहस्थांना त्यातले काही कळले नाही, पण त्यांनी आदराने मान डोलावली आणि पुन्हा पुलाकडे पाहू लागले. ते दाराकडे पाहत नव्हते, हे पत्नीने पाहिले. तिने पदराखालून हात बाहेर काढले. सिस्टरांनीही तेच पाहिले असावे, कारण त्या म्हणाल्या, “काकू, आतल्या खोलीची भिंतही रिकामी आहे. घाई नाही.”

रस्त्यावर आल्यावर पत्नी दुकानाच्या दिशेने वळलीच नाही. टेकडीच्या पलीकडच्या कापावर पिवळी माती आहे असे तिला सुताराने सांगितले होते. “तुम्ही दुकान उघडा,” ती मला म्हणाली. “निळ्या, तू चल माझ्याबरोबर. डबा घे. आणि वाटेत मला शहाणपण शिकवायचं नाही.”

“मी कशाला शिकवू? मी तर धुणारा माणूस.”

दोघे भांडत भांडत कालव्याच्या बाजूला गेले. मी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे पाहत उभा राहिलो. जगात आभार कोणाचे मानावेत हे ठरलेले असते, असे मी मानीत असे: वडीलधाऱ्यांचे, डॉक्टरांचे, गिऱ्हाइकांचे. त्या सकाळी मी डाळिंबाच्या सालीचे, गंजक्या खिळ्यांचे आणि भरपूर सोडा घालण्याच्या एका माणसाच्या खोडीचे आभार मानले. मग दुकान उघडले.

पहिलेच गिऱ्हाईक एक नवीन मनुष्य होता. त्याने नवा पांढरा सदरा काउंटरवर ठेवला, बाहीवरचा डाग दाखवला आणि इकडेतिकडे पाहत विचारले, “मला डागकाकूंना भेटा असं सांगितलंय. कुठे आहेत त्या?”

“डाग आणायला गेली आहे,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले, मग सदऱ्याकडे पाहिले, आणि सदरा हळूच थोडा स्वतःकडे ओढून घेतला. मी त्याला बसायला स्टूल दिले आणि म्हणालो, “बसा. सगळं सांगतो. सदरा तेवढा इकडे द्या.”